अख्ख्या वर्गाची दोन लेकरं

हल्ली नर्सिंगच्या शाळांमधून मुलींच्या मनाचा अभ्यास करतात. माझी भाची अकोल्याला नर्सिंग शिकवते. तिनं मध्यंतरी एक छापील तक्ता आणून दाखवला. पाच गोलांपैकी एका गोलावर खूण करायची, खाली वय लिहायचं, मग कोणत्या वयाच्या बाईचं मन कसं आहे ते म्हणे त्यातून कळतं. ती म्हणाली, "आत्या, तुमच्या वेळी असं काही नसेल ना?" मला हसूच आलं. आमच्या वेळी असा कागद होता, आणि त्या कागदापायी एका बाईचं आयुष्य मागच्या मागे बार्शीटाकळीला परत जाणार होतं. भाचीला ते सांगायला बसले आणि सांगता सांगता संध्याकाळ झाली, म्हणून आता लिहूनच काढते.

साठ सालानंतरची एक-दोन वर्षं. माझं गाव वलगाव. अमरावतीहून सायकलनं जाण्याइतकं जवळ, पण वसतिगृहाच्या फाटकातून आत गेल्यावर ते पार दिल्लीइतकं लांब वाटायला लागलं. दीक्षा घेतल्यापासून माझ्या बापानं एकच गोष्ट लावून धरली होती, पोरी शिकणार. सातवी झाल्यावर शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं की अमरावतीला एका दवाखान्यात मुलींना दोन वर्षं शिकवतात, राहायला-जेवायला देतात, मग खेड्यात बाळंतपणं करायला पाठवतात. बापानं दुसऱ्याच दिवशी अर्ज आणला. धर्माच्या रकान्यात मी ठसठशीत 'बौद्ध' लिहिलं. कारकुनानं एकदा कागदाकडे आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी पण त्याच्याकडे तितकंच पाहिलं. सतरा वर्षांची होते, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. आताही नाही.

वर्गात आम्ही अठरा जणी. बहुतेकींची वयं सोळा ते वीस, सगळ्या वऱ्हाडातल्या. कोणी अंजनगाव सुर्जीकडची, कोणी अकोल्याकडची. आम्हाला शिकवायला जी बाई होती तिला आम्ही ट्यूटरबाई म्हणत असू. ती कोकणातली. चाळिशीची, बुटकी, बारीक आवाजाची. आमचं बोलणं ऐकून पहिले आठ दिवस तिला वाटत होतं की आम्ही सगळ्या तिच्यावर चिडलेल्या आहोत. मग एकदा तिनं घाबरत घाबरत विचारलं, "माझं काही चुकतंय का गं?" तर एक पोरगी म्हणाली, "काहून बाई, कोन काय म्हनलं तुमाले?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा आमचा लाडाचा आवाज आहे. त्यानंतर तिनं आम्हाला कधी घाबरून काही विचारलं नाही.

आणि होती थोरली. तिला आम्ही थोरलीच म्हणायचो. प्रवेशासाठी वय तिशीच्या आत लागायचं आणि तिच्या कागदावर एकोणतीस होतं, पण पाहणाऱ्याला ती पस्तिशीची दिसे. बार्शीटाकळीच्या शेतकरी घरातली विधवा. नवरा गेल्यावर अर्धवट राहिलेली सातवी तिनं पुन्हा बसून पास केली होती. बोलणं मोजकं. जी पोरगी रडत येईल तिला ती जवळ बसवून घ्यायची, डोक्याला तेल लावायची आणि म्हणायची, "रडून घे. मंग जेव." एवढंच तिचं औषध. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या माठापाशी मी जरा मागे उभी राहिले, जुनी सवय म्हणून. तिनं माझ्या हातातला पेला घेतला, माठात बुडवला, आधी स्वतः घोटभर प्याली आणि उरलेला मला दिला. त्या दिवसापासून वर्गात मी तिच्या शेजारी बसायला लागले.

आता त्या शाळेची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. वॉर्डात एक रिपोर्टची वही असायची. मावळती ड्युटी उगवत्या ड्युटीला त्यात लिहून द्यायची, कोणत्या खाटेवर कोण, काय दिलं, काय द्यायचं. ही वही उतरवताना एक शब्दही बदलायचा नाही, असा मेट्रनबाईंचा हुकूम होता. मेट्रनबाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरच्या. उंच, चष्मेवाल्या, पांढऱ्या साडीला कधी सुरकुती नाही. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. औषधाच्या थेंबांमध्ये आपलं डोकं चालवलं तर माणूस जातो. मी एकदा 'ताप शंभर' असं लिहिलेलं उतरवताना 'थोडा ताप' असं लिहिलं, तर त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं करून ती ओळ पन्नासदा लिहायला लावली. तेव्हापासून आमच्या डोक्यात पक्कं बसलं, समोर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं. त्यातच शहाणपण.

शिवाय ट्यूटरबाईंची शिकवायची पद्धत. प्रत्येक धड्याला त्या एक बाई उभी करायच्या. "समजा एक बाई आहे. तिला दोन मुलं आहेत. धाकट्याला खोकला आहे. आता तुम्ही काय कराल?" आमचे सगळे प्रश्न असेच सुरू व्हायचे, आणि आमची सगळी उत्तरं त्या बाईबद्दल असायची. आमच्या स्वतःबद्दल आम्हाला तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी ट्यूटरबाईंनी ते विचारायचं ठरवलं. आदल्या वर्षी बऱ्याच पोरी अर्ध्यातून घरी निघून गेल्या होत्या आणि का गेल्या ते कोणालाच सांगता येत नव्हतं. बाईंना ते लागलं होतं. त्यांनी आपल्या हातानं, कार्बन घालून घालून, प्रश्नांचे कागद तयार केले. झोप लागते का. जेवण जातं का. कोणाची आठवण येते. कशाची भीती वाटते. असे आठ-नऊ प्रश्न. हे कागद आम्हाला दिले, वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर्सना दिले, आणि तेव्हा महिनाभराच्या शिक्षणाला आलेल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या दायांनाही दिले. बाईंना पाहायचं होतं की सोळा वर्षांच्या मुलीला जे टोचतं तेच तिशीच्या बाईला टोचतं का, आणि साठीच्या बाईला काय टोचतं. वर्गात त्या म्हणाल्या, "नाव लिहायचं नाही, फक्त वय. मी कोणाचाही कागद ओळखायचा प्रयत्न करणार नाही. हा माझा शब्द आहे. खरं लिहा."

कागद हातात आल्यावर आमच्या तोंडचं पाणी पळालं. 'कशाची भीती वाटते?' याचं बरोबर उत्तर काय, ते पुस्तकात कुठंच नव्हतं. मी शेजारी पाहिलं. थोरली खाली मान घालून भराभर लिहीत होती. वर्गात तिचा पहिला नंबर असायचा, म्हणजे तिचंच बरोबर असणार. मी वाचलं: 'झोप लागत नाही. माझ्या दोन लेकरांची आठवण येते. धाकट्याला दम लागतो.' मला वाटलं, हां, हीच ती बाई! दोन मुलं, धाकटा आजारी. म्हणजे त्या बाईच्या वतीनं उत्तर द्यायचं आहे. जिवात जीव आला. मी एक शब्द न बदलता सगळं उतरवलं, तिनं वयाची जागा कोरी सोडली होती तीसुद्धा तशीच कोरी ठेवली. माझं पाहून मागचीनं उतरवलं, तिचं पाहून तिच्या मागचीनं. तास संपेपर्यंत सतरा जणींच्या कागदावर तीच दोन लेकरं होती.

एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी एक म्हातारी दाई आपला कागद घेऊन माझ्याकडे आली. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, "पोरी, तुनं जे लिवलं तेच माह्यंबी लिव. मी काय वेगयी हाये का?" मी लिहून दिलं. वय साठ, आठवण दोन लेकरांची, धाकट्याला दम.

दुसऱ्या दिवशी ट्यूटरबाई वर्गात आल्या त्या हसतच. हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "मुलींनो, तुम्हा अठरा जणींना मिळून एकच झोप लागत नाही, आणि सगळ्यांना दोन-दोन लेकरं आहेत," त्या म्हणाल्या. "धाकट्याला बरं वाटतंय ना आता?" सगळा वर्ग फुटला. मी पण पोट धरून हसले. हसता हसता शेजारी पाहिलं तर थोरली हसत नव्हती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. समोर ट्यूटरबाईंचंही हसू एकदम थांबलं. त्यांची नजर कोणावरही थांबली नाही, मुद्दाम थांबू दिली नाही. त्यांनी पुस्तक उघडलं आणि धडा सुरू केला.

दुपारी कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी मी थोरलीला गाठलं. ओल्या चादरीच्या आड उभी राहून तिनं मला सांगितलं. लेकरं खरी होती. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. सासूकडे ठेवून आली होती. प्रवेशाच्या वेळी लहान मुलं असलेल्या बाईला घेत नव्हते, म्हणून तिनं कागदावर 'मुलं नाहीत' असं लिहून दिलं होतं. दिरानं सांगून ठेवलं होतं, परत आलीस तर पोरीची शाळा बंद, तिनं वावरात जायचं. म्हणजे थोरली इथे राहिली तरच पोरगी शाळेत राहणार होती.

"मंग त्या कागदावर कायले लिवलं वं?" मी रागानं विचारलं. राग तिचा नव्हता, माझा मलाच येत होता.

"बाई म्हनल्या ना, खरं लिवा," ती म्हणाली. "नाव लिवाचं नोतं. एका जागी तरी खरं लिवू दे म्हनलं."

मी काय केलं होतं ते तेव्हा मला कळलं. तिचा एकटीचा कागद त्या गठ्ठ्यात निघून गेला असता. सिस्टर्समध्ये लेकुरवाळ्या होत्याच, कोणाचं लक्ष गेलं नसतं. पण सतरा-अठरा वर्षांच्या कुमारिकांनी एका सुरात दोन लेकरं लिहिल्यावर कोणाचं लक्ष जाणार नाही? त्याच संध्याकाळी मेट्रनबाईंनी ट्यूटरबाईंना विचारलं, तुमच्या त्या कागदांतून काय निघालं? आणि स्वतः गठ्ठा घेऊन वाचला.

त्यांना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं. सगळ्यांनी नक्कल केली म्हणजे एकीनं मूळ लिहिलं, आणि त्या एकीला लेकरं आहेत. वसतिगृहातल्या कोणा मुलीला लपवलेलं मूल आहे अशी कुजबुज बाहेर गेली तर आठ दिवसांत सगळे बाप आपापल्या पोरी घेऊन जातील. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या बापांना तेवढंच निमित्त पुरलं असतं. त्यांनी ट्यूटरबाईंना सांगितलं, ती कोण ते मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे. ट्यूटरबाईंनी सांगितलं, मी शब्द दिलाय, मी शोधणार नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, मग मी शोधते. हे सगळं बंद दाराआड झालं, पण दवाखान्याच्या दारांना कान असतातच. जेवणाच्या घंटेआधी सगळ्या वसतिगृहाला माहीत झालं.

मला वाटलं होतं, आता ट्यूटरबाई आपली ती चौकशी गुंडाळून ठेवतील. इतका गोंधळ झाल्यावर कोणीही ठेवली असती. त्यांनी उलट ती नव्यानं सुरू केली, आणि ती ज्या तऱ्हेनं केली त्याबद्दल मी त्यांना आजही मनातल्या मनात हात जोडते.

दुपारच्या जेवणानंतर तास-दीड तास आम्ही व्हरांड्यात पट्ट्या गुंडाळायचो. धुतलेल्या कापडाच्या लांब पट्ट्या, दोघींनी समोरासमोर बसून, एकीनं ताणून धरायची, दुसरीनं गुंडाळायची. ट्यूटरबाई त्या आठवड्यात रोज तिथे येऊन बसायला लागल्या. कागद नाही, पेन नाही. त्यांनी जोड्या बदलल्या. सोळा वर्षांच्या पोरीसमोर साठीची दाई, माझ्यासमोर तिशीची सिस्टर. स्वतः कोणाजवळ तरी बसायच्या, पट्टी हातात घ्यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "काय गं, करमतं का?" मग गप्प. पट्टी संपेपर्यंत गप्प.

त्या गप्प बसण्यात काय जादू होती कोण जाणे. हात गुंतलेले, नजर कापडावर, तोंडाकडे पाहणारं कोणी नाही. माणसं बोलायला लागली. आमच्यातली सगळ्यात लहान म्हणाली, आईची नाही, तिला तिच्या शेळीची आठवण येते, आणि हे सांगायची लाज वाटते. एकीला विसावं लागलं होतं. ती म्हणाली, पाहायला आलेली माणसं विचारतात, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावते का, आणि मग चहाही न पिता उठून जातात. माझ्यासमोरची सिस्टर म्हणाली, बारा वर्षं झाली, सगळ्यांना मी विचारते काय दुखतं, माझे पाय दुखतात ते अजून कोणी विचारलं नाही. आणि ती म्हातारी दाई, जिचं मी लिहून दिलं होतं, ती म्हणाली, "ह्या पोरी शिकून गावात येतीन. मंग मले कोन बलावन?" तिचे हात थांबले होते. समोरच्या लहानगीनं पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, "आजी, मी तुमाले बलावीन. मले एकटीले भेव लागते."

मी काय सांगितलं? एका पेशंटबाईनं माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ते सांगितलं. महिनाभर ते कोणाला सांगितलं नव्हतं. ट्यूटरबाईंनी सांत्वन केलं नाही, उपदेश केला नाही. पट्टी संपल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून त्या खाटेला पाणी मी आणि तू दोघी मिळून द्यायला जाऊ." आणि गेल्या. रोज गेल्या, ती बाई घरी जाईपर्यंत.

पुढे मी स्वतः अकोल्याला शिकवायला लागले तेव्हा हेच केलं. हाताला काम दिलं, एक प्रश्न विचारला आणि तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवणं मला किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा.

बाई नंतर आपल्या खोलीत जाऊन वहीत लिहायच्या. नाव नाही, वय आणि बोललेलं एवढंच. थोरलीपाशी त्या एकदाही बसल्या नाहीत. ते मला आधी कळेना. मग कळलं, त्यांनी शब्द पाळला होता. शोधणार नाही म्हणाल्या होत्या, म्हणून जे त्यांना बहुतेक कळलेलं होतं ते विचारूनही घेतलं नाही. थोरली मात्र रोज येऊन पट्ट्या गुंडाळायची, कोणाशी बोलायची नाही. जेवण अर्ध्यावर आलं होतं. आता रडणाऱ्या पोरींना ती तेलही लावत नव्हती. पोरीच तिच्याभोवती मुक्या बसून राहायच्या.

शनिवारी दुपारी मेट्रनबाईंचं बोलावणं आलं. मला. थोरलीच्या समोरच पट्टी धरून बसले होते, ती तशीच टाकून उठले.

खोलीत मेट्रनबाई टेबलामागे होत्या. समोर आमचे प्रवेशाचे सगळे कागद. ट्यूटरबाई खिडकीशी उभ्या, हातात ती वही. मेट्रनबाईंनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. एक माझा, एक दाईचा.

"दोन्हींवर एकच अक्षर आहे. तुझं. म्हणजे नक्कल पसरवलीस ती तूच. तू कोणाचं पाहून लिहिलंस?"

"कोणाचंच नाही. मी माझ्या मनानं लिहिलं."

"तुझ्या मनानं? म्हणजे तुला दोन मुलं आहेत?"

"हाव," मी म्हणाले.

एकदा तोंडातून गेलं ते गेलं, आता मागे कशी फिरू? मेट्रनबाईंनी मुलांची नावं विचारली. मी माझ्या मोठ्या बहिणीच्या दोन पोरांची नावं धाडकन सांगून टाकली.

"मोठ्याचं वय?"

"नऊ."

"तुझं?"

"सतरा."

ट्यूटरबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लग्न कधी झालं तुझं?"

"झालं नाही," मी म्हणाले. मी काय बोलून बसले ते आता माझ्या ध्यानात आलं. हे वलगावला पोचलं असतं तर बाप उभ्या उभ्या मेला असता.

तेवढ्यात मागून आवाज आला. थोरली माझ्या मागोमाग आली होती. किती वेळ दारात उभी होती कोण जाणे.

"पोरीच्या अंगावर लेकरं नका घालू, बाई," ती म्हणाली. "तिचं लगन व्हाचं हाये. लेकरं माही हायेत. दोनी."

मेट्रनबाईंनी गठ्ठ्यातून तिचा प्रवेशाचा कागद काढला. वाचला. "इथे तर तुम्ही 'मुलं नाहीत' असं लिहून दिलंय."

"हाव."

"खोटं लिहिलंत."

"हाव. माह्या म्होरं एक बाई होती. तिनं तीन लेकरं हायेत म्हनून सांगतलं. तिले माह्या डोयासमोर घरी धाडलं. मंग माहा नंबर आला." आता तिचं बोलणं थांबेना. आठवडाभराचं, प्रवेशाच्या दिवसापासूनचं साठलेलं होतं. "जित्या लेकरायले मी माह्या तोंडानं नाई म्हनलं, बाई. तवापासून डोयाले डोया नाई. धाकट्याचा दम वाढला म्हनून चिठ्ठी येते ना, तवा मले वाटते तो माह्यानंच वाढला. मी नाई म्हनलं म्हनून वाढला."

मी तेव्हा हमसून रडायला लागले. लाज वाटली नाही.

ट्यूटरबाई टेबलाशी आल्या. त्यांनी वही मेट्रनबाईंपुढे ठेवली. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना आपण रोज शिकवतो की स्वतःचं काही लिहू नका, त्यांना मी एक दिवस उठून म्हटलं स्वतःचं लिहा. त्यांनी शिकवलं तसंच केलं. हे मी पुन्हा नीट विचारून लिहिलंय. वाचा. सोळाच्या मुलीचं दुखणं वेगळं आहे, विशीतलीचं वेगळं, साठीच्या दाईचं आणखी वेगळं. पण रडू आलं की कोणाकडे जाता, हे मी न विचारताच जवळजवळ सगळ्या पोरींनी सांगितलं, एकच नाव सांगितलं, आणि ह्या वेळी कोणी कोणाची नक्कल केली नव्हती. गेल्या वर्षी पोरी पळून गेल्या. ह्या वर्षी एकही गेली नाही. का गेली नाही ते शोधायला मी कागद काळे केले. उत्तर हे इथे उभं आहे. तुम्ही शिस्त लावता, मी शिकवते, पण पोरी टिकतात त्या हिच्यामुळे."

त्या कोकणी बाईचा आवाज तेव्हाही बारीकच होता. पण मी आयुष्यात पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणं ऐकली, इतकं खणखणीत बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मेट्रनबाईंनी वही उघडली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, सावकाश. आम्ही तिघी उभ्या. मग त्यांनी विचारलं, "मुलं कोणाजवळ आहेत?"

"सासूजवळ."

"आणि तुम्ही परत गेलात तर?"

"पोरगी शायेतून निघन."

खोटं लिहून दिलेल्या बाईला त्याच दिवशी घरी पाठवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि त्या हक्क सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी दौत पुढे ओढली, टाक बुडवला आणि थोरलीच्या हातात दिला.

"ते खोडा. खरं लिहा. वयसुद्धा. खाली मी सही करते. वरून कोणी विचारलं तर मला विचारतील."

थोरलीनं तिथेच वाकून खोडलं. वय लिहिलं. मग पुढच्या ओळीत लिहिलं, 'मुले: दोन'. टाक हातातच धरून ती उभी राहिली.

"नावं लिवू का, बाई?"

"त्या रकान्यात नावांना जागा नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे पाहिलं. "बाजूला लिहा."

तिनं समासात लिहिलं, आपल्या सुरेख अक्षरात, सावकाश. पोरीचं नाव, वय नऊ. पोराचं नाव, वय चार. कागदावर कोणी काही लिहिलं की तो मोठ्यानं वाचून पाहायचा ही मेट्रनबाईंची सवय. त्यांनी कागद उचलला आणि कारकुनी आवाजात वाचला, आधी पोरीचं नाव, मग पोराचं. थोरली दोन्ही हात पोटाशी धरून ऐकत होती.

वाचून झाल्यावर मेट्रनबाई सही करायला वाकल्या, तेव्हा ती म्हणाली, "बाई, अजून एक डाव वाचा."

मेट्रनबाईंनी टाक खाली ठेवला आणि ती दोन नावं पुन्हा वाचली.